जुन्या गाडीत पाणी येतंय : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला पावसाचा पहिला जोर ओसरला की मला येणारे फोन आणि मेसेज एकाच विषयाचे असतात : गाडीत पाणी येतंय. मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, जुनी वॅगन-आर, ओम्नी. बहुतेक गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या, मालकाने जीव लावून सांभाळलेल्या. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधीच कुठेतरी सिलिकॉन फासलेलं असतं आणि गळती होती तिथेच असते. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर १, ३ आणि ४ एवढे तरी वाचा, मग हातात सीलंटची ट्यूब घ्या.

१. पायाखालची चटई ओली लागते. हे पावसाचंच पाणी आहे हे कसं ओळखायचं?

पांढरा टिश्यू किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा ओलीवर दाबून धरा आणि उजेडात नेऊन बघा. पावसाचं पाणी मातकट असतं, वाळल्यावर धुळीची कड राहते. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, आणि भर एप्रिलमध्येही येतं. हिरवट, गुलाबी किंवा निळसर डाग पडला, बोटाला बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. ते चाखून पाहू नका, विषारी असतं. लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांनाही त्यापासून लांब ठेवा. मागे वायपर असलेल्या गाडीत मागच्या बाजूला साबणाच्या वासाचं पाणी दिसलं तर काच धुण्याच्या टाकीची नळी मधेच सुटलेली असते. ती नळी समोरून मागे छताच्या किंवा फरशीच्या कडेने जाते, त्यामुळे पाणी कुठेही निघू शकतं.

एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडणं मात्र चांगलं लक्षण आहे. ते पाणी बाहेर पडायलाच हवं. पडत नसेल तर प्रश्न ७ पाहा. कूलंटसाठी प्रश्न १७.

२. ड्रायव्हरच्या पायाशी ओल आहे, म्हणजे गळती तिथेच असणार ना?

बहुतेक वेळा नाही. पाणी दिसतं ते साचतं तिथे. शिरतं दुसरीकडूनच. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेला थेंब खांबाच्या पोकळीतून खाली उतरतो, डॅशबोर्डमागच्या वायरवरून ओघळत जातो आणि कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतो. तो फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खाली दाबलं की पाणी पिळून निघतं. त्यात गाडी बंगल्याच्या उतरत्या रॅम्पवर नाक खाली करून उभी असेल तर मागचं पाणीही पुढे येतं. ब्रेक दाबला की पुढे, गाडी उचलली की मागे.

म्हणून पहिलं काम म्हणजे दाराजवळची पट्टी काढून कार्पेट उचलायचं आणि उघड्या पत्र्यावर हात फिरवायचा. वरून बघून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

३. सगळ्या फटी एकदाच सील करून टाकल्या तर प्रश्न मिटणार नाही का?

वाढेल. गाडी म्हणजे बंद डबा नाही. पाऊस काचेजवळच्या जाळीतून आत जावा, दाराच्या काचेवरून दाराच्या पोटात उतरावा आणि खालच्या भोकांतून बाहेर पडावा, अशीच तिची रचना असते. जुन्या गाड्यांत मी पाहिलेल्या गळत्यांमध्ये नवीन भोक पडल्यामुळे झालेल्या कमी आणि पाण्याची बाहेर जायची वाट बुजल्यामुळे झालेल्या जास्त. सील करायला बसलेला माणूस नेमक्या त्या वाटाच आधी बुजवतो, मग पाणी पोकळीत साचतं आणि पत्रा आतून सडतो.

दाराच्या खालच्या कडेची भोकं, दाराखालच्या बंद पट्टीतली भोकं, काचेखालच्या पन्हळीची तोंडं, एसीची नळी आणि मागच्या बंपरआडचे हवा जाणारे रबरी पडदे यांना कधीही सीलंट लावू नका.

४. घरच्या घरी गळती शोधायची कशी?

दोन माणसं, एक टॉर्च, एक पाइप आणि एक निवांत सकाळ लागते. घाई केली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी गाडी आतून कोरडी करा. ओल्या गाडीत नवीन पाणी दिसत नाही. मॅट काढा, दाराजवळच्या पट्ट्या उघडा, कार्पेट जमेल तेवढं वर करून खाली लाकडी ठोकळा लावा. उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरा. कागदावर पाण्याचा पहिला थेंब पडला की तो टपोरा दिसतो आणि कुठून आला त्याचा मागही राहतो. संशय असलेल्या सांध्यांवर आतल्या बाजूने टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा ओघळ त्यात रेघ काढतो.

मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दारं-काचा बंद. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. पाइपच्या तोंडाला नोझल नको, अंगठाही नको. पाणी पावसासारखं सहज ओघळू द्या. सुरुवात खालून करा : आधी दाराची खालची कड, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरचा कोपरा आणि सर्वांत शेवटी छत. एका जागी निदान पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागा भिजवत खाली येतं आणि कुठली जागा चुकार आहे हे कळत नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच.

आतल्या माणसाला थेंब दिसला की पाणी बंद. बाहेर त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. ती जागा दुरुस्त करा, वाळू द्या आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या. दुसरीही गळती असू शकते, जुन्या गाडीत बऱ्याचदा असतेच.

सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने ही परीक्षा करू नका. तो झोत चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो. आणि महापालिकेचं पाणी जपून वापरायचं असेल तर बादली-मग्गा पुरतो. मग्ग्याने सावकाश ओतलेलं पाणी पाइपपेक्षा नेमकं पडतं असा माझा अनुभव आहे.

५. मी एकटाच आहे आणि पाणीही नाही. दुसरा मार्ग?

आहे, तीन आहेत.

पहिला साबणाचा. एसी बंद, ब्लोअर पूर्ण वेगात, बाहेरची हवा घेण्याची कळ उघडी, सगळ्या काचा बंद. आत हवेचा दाब वाढतो. बाहेरून काचेच्या रबरावर आणि टेल लॅम्पच्या कडेवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तोच हा न्याय. उदबत्तीनेही हे जमतं : पेटती उदबत्ती बाहेरून सांध्याजवळून फिरवा, धूर बाजूला ढकलला गेला की तिथे फट.

दुसरा खडूचा. दाराच्या रबरावर शाळेतला पांढरा खडू घासा, दार हळू लावून उघडा. पत्र्यावर खडूची सलग रेघ उमटली पाहिजे. रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही.

तिसरा उजेडाचा. रात्री आत टॉर्च लावून दारं-डिकी बंद करा आणि बाहेरून वाकून बघा. शिवाय कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघता येते. कागद सहज सुटला तर रबर मेलेलं आहे.

६. आम्ही गाडी गुलमोहराखाली लावतो. सकाळी पुढे दोन्हीकडे पाणी असतं, रबरं तर नवीन आहेत. कारण काय?

पानं. नाशिकच्या कॉलन्यांमधून येणाऱ्या प्रश्नांमध्ये हा पहिल्या नंबरचा.

बोनेट उघडा आणि काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, जाळी आहे तिथे बघा. त्या जाळीखाली आडवी पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांनी पुढच्या मडगार्डमागून खाली उतरतं. ब्लोअरला बाहेरची हवाही इथूनच मिळते. गुलमोहराची पानं तीळभर, ती जाळीतून सहज आत जातात. त्यावर कडुनिंबाच्या काड्या, पिंपळाच्या पानांचे देठ, उन्हाळाभरची धूळ. पहिल्या पावसात हे सगळं कुजून काळा, चिकट, गाळासारखा लगदा होतो आणि दोन्ही तोंडं बंद करतो. पन्हळ हौदासारखी भरते, पाणी ब्लोअरच्या तोंडाच्या उंचीला पोचतं आणि आत ओततं. रात्रभरच्या पावसानंतर ब्लोअर लावल्यावर आतून पाणी घुसळल्यासारखा आवाज आला तर हेच झालंय असं समजा.

वायपरचे हात आणि जाळीची पट्टी काढा. क्लिपा जुन्या असल्या की तुटतात, चार-सहा नवीन आणून ठेवा. लगदा हाताने काढा, पाण्याच्या झोताने नाही, झोताने तो नळीत खोल जाऊन बसतो. मग डाव्या टोकाला एक मग्गा पाणी ओता, खाली चाकामागे ते लगेच पडलं पाहिजे. उजवीकडेही तसंच. थेंब थेंब पडत असेल तर अजून लगदा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि श्रावणात एकदा हे काम करा. गाडी झाडाखाली नसेल तर वर्षातून एकदा पुरे.

७. पाऊस नसतानाही डावीकडच्या सीटच्या पायाशी पाणी साचतं. का?

एसीची नळी तुंबली आहे. जुन्या गाड्यांमध्ये एसीचं कूलिंग कॉइल डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्समागे असतं. त्यावर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि एका नळीने फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, बाहेर जातं. नळीत धूळ बसली की ट्रे भरतो आणि वळणावर पुढे बसलेल्याच्या पायावर पाणी सांडतं.

माझ्या झेनमध्ये हे झालं तेव्हा मी पूर्ण एक पावसाळा समोरच्या काचेला दोष दिला. काचेचं रबर बदललं, ओल तशीच. ऑक्टोबरात पाऊस संपला तरी कार्पेट ओलं, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून खाली पाहिलं. नळीच्या तोंडाशी मातीचा बूच बसला होता. तो काढताच लिटर-दीड लिटर पाणी एका दमात खाली आलं. ते पाणी बघताना मला माझ्या शोधण्याच्या पद्धतीतली चूक समजली, आणि तेव्हापासून मी प्रश्न १ मधला टिश्यू आधी दाबतो.

नळी खालच्या तोंडाने साफ करा, फुंकर मारून किंवा हलकी हवा देऊन. मऊ प्लास्टिकची बारीक नळी चालते. टोकदार तार आत ढकलू नका. आतल्या ॲल्युमिनियमच्या कॉइलला भोक पडलं तर एसीचा गॅस जातो आणि खर्च कुठल्या कुठे पोचतो.

८. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून ओघळ येतो. काच काढावी लागेल का?

काच कशी बसवली आहे त्यावर आहे. मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बॅसेडर यांच्या काचा जाड रबरी बीडिंगमध्ये बसतात. पाणी काच आणि रबर यांच्यामधून येतं किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधून. रबर अजून लवचीक असेल तर प्लास्टिकच्या चमच्याच्या देठाने त्याचा ओठ उचलून आत काचेचं पातळ सीलंट भरा, जास्तीचं पुसा. रबर नखाने दाबल्यावर दगडासारखं लागत असेल किंवा कोपऱ्यात चिरलं असेल तर नवीनच टाका. चांगला काचवाला नवीन रबराच्या खाचेत दोरी घालतो, साबणाचं पाणी लावतो, काच बाहेरून टेकवतो आणि आतून दोरी ओढत ओठ पत्र्यावर चढवतो. हे काम बघण्यासारखं असतं आणि अनुभवी हातांनीच करावं. जुनं रबर निघालं की खालचा पत्रा जरूर बघा. गंज तसाच ठेवून नवीन रबर बसवलं तर वर्षभरात पुन्हा गळेल.

नंतरच्या गाड्यांच्या काचा पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर गोंदाच्या पट्टीत फट राहिली आहे किंवा प्रायमर लावलेला नाही. वरून थापलेलं सीलंट तिथे टिकत नाही. ज्याने बसवली त्याच्याकडेच परत न्या. आणि नवीन काच बसवल्यावर एक-दोन दिवस दारं आपटू नका, एखादी काच थोडी खाली ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओला गोंद बाहेर ढकलते.

९. दारातून पाणी येतं आणि दार हलवलं की खळखळ आवाज येतो. दोन्हीचा संबंध आहे का?

बहुतेक आहे. खळखळ म्हणजे दाराच्या पोटात पाणी अडकलंय. खालच्या कडेची भोकं माती आणि गंजाच्या खपल्यांनी बुजली आहेत. जाड केबल टाय घालून ती मोकळी करा. घाण पाणी बाहेर येईल, बादली खाली ठेवा.

पाणी आत येण्याचं कारण बहुधा दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद असतो. दाराच्या पोटातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो काळ्या चिकट पट्टीने लावलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडोचं काम करणारा तो फाडतो आणि परत लावायचा कंटाळा करतो. पॅड उघडून बघा. फाटला असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून ब्यूटाइल पट्टीने (मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) चिकटवा, सेलोटेप दोन आठवड्यांत सुटते. कागदाची खालची कड दाराच्या खाचेत आत वळवा, नाहीतर ओघळलेलं पाणी पॅडमध्येच येईल.

रबर टेकत नसेल (खडूची परीक्षा, प्रश्न ५) तर नवीन घेण्याआधी दार उघडून हँडलला धरून वर उचला. हाताला खेळ जाणवला तर बिजागरी झिजली आहे. दार खाली आलंय, रबर बिचारं चांगलं आहे.

रबराला ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल, डिझेल, व्हॅसलीन लावू नका, रबर फुगून सैल पडतं.

१०. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. डिकीचं रबर तर बदललं.

मग टेल लॅम्प बघा. लॅम्पमागचं फोमचं गॅस्केट दबून कागदासारखं होतं. त्यानंतर डिकीच्या बिजागऱ्यांखालचे पत्र्याचे सांधे, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जाते ते रबर, मागच्या बंपरचे बोल्ट. गाडीला मागून कधी ठोकर बसून डेंटिंग झालं असेल तर सांध्यांवरचं सीलंट परत भरलेलं नसण्याची शक्यता मोठी. खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडा, पण परत बसवा. नाहीतर रस्त्यावरचं पाणी वर येईल.

११. छताच्या कापडावर पिवळसर डाग पडलेत.

अँटेनाच्या बुडाचं रबर, कॅरिअरचे बोल्ट, किंवा छताच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांखालचं सीलंट. त्या पट्ट्या उचलल्या की खाली पत्र्याचा जोड दिसतो. तिथलं सीलंट उन्हाने तडकतं. डाग जिथे आहे त्याच्या वरच भोक असेलच असं नाही (प्रश्न २). सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्या आधी बघा, काचेचं रबर नंतर.

१२. उभी गाडी कोरडी राहते, पण पावसात चालवली की मागची फरशी ओली. हे कसं?

पाणी वरून नाही, खालून येतंय. चाकं पाणी जोरात उडवतात आणि ते फरशीच्या रबरी बुचांमधून, चाकाच्या कमानीच्या सांध्यांतून किंवा गंजलेल्या भोकांतून आत शिरतं. बूच दाबून बघा, कडक होऊन सैल पडलेली असतात आणि नवीन बुचं स्वस्त मिळतात. प्रश्न ४ मधली पाइपची परीक्षा इथे फसते. गाडी रॅम्पवर घेऊन चाकाच्या कमानीत खालून पाणी मारावं लागतं.

अँटी-रस्ट कोटिंग करून घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. घाईत मारलेलं काळं कोटिंग दाराखालच्या पट्टीची भोकं बुजवून टाकतं. गंज लागू नये म्हणून पैसे दिले आणि पत्रा आतून सडू लागला, अशा गाड्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कोटिंगनंतर प्रत्येक भोक स्वतः मोजून घ्या.

१३. नाशकात काही नाही, पण कसारा घाटात आणि इगतपुरीला गळते.

इगतपुरीचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट, आणि तिथे तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. वेगात गाडीच्या बाजूंना हवेचा दाब कमी होतो, दाराची चौकट बाहेर ओढली जाते आणि अर्धमेलं रबर तेवढ्यानेच सुटतं. आरशाजवळची तिकोनी पट्टी आणि काचेची वरची कड तपासा. वेगात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आवाजाची जागा हीच पाण्याची जागा. त्र्यंबकला नियमित जाणाऱ्यांनी जूनच्या आधी खडूची परीक्षा करून ठेवावी.

१४. सिलिकॉन लावू का एम-सील?

साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको. त्यातलं आम्ल उघड्या लोखंडाला गंज आणतं, शिवाय त्यावर पुढे रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. एम-सील कडक होतं. खड्ड्यांत गाडीचा पत्रा पिळवटतो आणि ते तडकतं.

पत्र्याच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचं सीम सीलर. पुढे उघडावं लागेल अशा जागी, म्हणजे टेल लॅम्प आणि दाराचा कागद, ब्यूटाइल पट्टी. लावण्याआधी जागा पूर्ण कोरडी आणि तेलविरहित हवी. भर पावसाळ्यात शेडखाली हेअर ड्रायरने सांधा सुकवून घ्या. ओल्यावर लावलेलं काहीच टिकत नाही. उघडीप मिळेपर्यंत जाड चिकटपट्टी लावून वेळ मारून न्यायला हरकत नाही.

१५. सीएनजी किट बसवल्यापासून पाणी येतं. भोकं बुजवली तर चालतील?

इथे सांभाळून. किट बसवताना फायरवॉलला आणि डिकीच्या फरशीला भोकं पाडतात. वायर आणि पाइप जाणाऱ्या भोकांना नीट मापाचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) हवं, ते नसेल तर बसवून घ्या. पण सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून डिकीच्या फरशीतून बाहेर जाणाऱ्या जाड नळ्या गळलेला गॅस बाहेर टाकण्यासाठी असतात. त्या कधीही बुजवू नका. त्यांच्या कडेने पाणी येत असेल तर अधिकृत फिटरकडूनच कड सील करून घ्या.

१६. गळती थांबली, पण कुबट वास जात नाही.

फोम अजून ओला आहे. वरून वाळलेलं कार्पेट फसवं असतं. सीटचे बोल्ट काढून कार्पेट बाहेर घ्या. सीटखाली पिवळं कनेक्टर असेल तर ते एअरबॅगचं. बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका. फोम पिळा, साध्या पाण्याने धुवा, उभा करून वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली तीन-चार दिवस लागतात. पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. परफ्यूम वास झाकतो, बुरशी तशीच राहते, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर ती त्याला सोसावी लागते.

१७. काच आतून तेलकट धूसर होते आणि गोडसर वास येतो.

हीटरची जाळी गळतेय. इंजिनचं गरम कूलंट तिच्यातून फिरतं. वाफ काचेवर बसते, पुसली की फराटे उठतात. हे थांबण्यासारखं काम नाही : कूलंट कमी होऊन इंजिन तापू शकतं. इंजिन गार झाल्यावरच पातळी तपासा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

१८. पाणी आल्यापासून हॉर्न आपोआप वाजतो, इंडिकेटर कधी लागतो कधी नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, मगच शोधाशोध. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स आणि इंजिनचा कॉम्प्युटर खालीच असतात, त्यावर पाणी ठिबकलं तर हिरवट-पांढरा गंज चढतो. कनेक्टर सुटे करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. वायर सांधून वेळ भागवू नका. आधी वरची गळती थांबवा (बहुतेक वेळा प्रश्न ६ किंवा ८).

१९. फरशीचा पत्राच सडलाय. फायबर लावून चालेल?

पेचकसाचं टोक टेकवून बघा. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, सीम सीलर, रंग, या क्रमाने. टोक आरपार गेलं तर सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करणं हाच इलाज. फायबर किंवा लांबीचा (पुट्टीचा) थर ओल खाली कोंडतो. सीटचे आणि सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथे तर तडजोड नकोच, जीव त्यावर असतो. वेल्डिंगआधी पेट्रोलची नळी कुठून जाते ते डेंटरला दाखवा, बॅटरी सोडा. गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर हे काम नोंदणीच्या नूतनीकरणाआधी उरका. तपासणीत पत्र्याची अवस्थाही बघितली जाते.

२०. गोदावरीच्या पुराचं पाणी गाडीत शिरलं तर?

ही गळती नाही, वेगळं प्रकरण आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर बघितलेल्यांना सांगायला नको. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी दिसलं की नदीकाठची गाडी वर हलवा. पाणी शिरलंच तर चावी फिरवू नका, टोइंग करून न्या. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना ते फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्वसमावेशक विमा पुराचं नुकसान भरतो, पण पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान सहसा वेगळं इंजिन संरक्षण घेतलं असेल तरच मिळतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच नाही. आणि जुनी रबरं झिजून होणारी रोजची गळती विम्यात बसत नाही.

२१. गॅरेजमध्ये काय सांगायचं म्हणजे नीट काम होईल?

“पाणी येतंय, बघा” एवढं सांगितलंत तर ते सिलिकॉन मारून देतील. कधी येतं (उभी असताना, चालताना, धुतल्यावर), कुठे साचतं, गाडीचं नाक कुठल्या बाजूला होतं, हे कागदावर लिहून द्या. कार्पेट उचलल्यावरचा फोटो मोबाइलवर ठेवा. गाडी परत घेताना तुमच्यासमोर पाणी मारून दाखवायला सांगा. शोधण्याच्या वेळेचे पैसे वेगळे लागतील, ते द्या. खरं काम तेच आहे.

२२. जुनी गाडी विकत घेतोय. पाणी येतं का हे पाच मिनिटांत कसं कळेल?

काचा बंद असलेल्या गाडीचं दार उघडून लगेच आत नाक घाला, पहिला वास खोटं बोलत नाही. परफ्यूमचा भपकारा आला तर जास्त बारकाईने बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खालच्या भागावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीखालचा चिखल, छताच्या कापडाचे डाग बघा. कार्पेटचा कोपरा मुठीत धरून दाबा. विकणारा उन्हाळ्यात गाडी दाखवतोय आणि तुम्हाला खरंच ती आवडली आहे, तर सौदा ठरवण्याआधी एक बादली पाणी मागा आणि काचेखालच्या जाळीत ओतून चाकांमागे बघा.